आप्पांचं घड्याळ, सुनेचा घाट

मंडळी, आख्यानाला हात घालण्याआधी एक प्रश्न विचारते. उत्तराची घाई करू नका!

समजा, तुमच्यावर कुणाचा तरी फार जीव आहे. बापाचा असेल, आईचा असेल, सासऱ्याचा असेल — हो, सासऱ्याचाही असतो, हसू नका! आणि त्या जिवापोटी त्यांनी तुम्हाला एक बंधन घातलं. शपथ घातली. 'एवढं ऐक माझं' म्हणाले. तुम्ही 'हो' म्हणालात. आणि ऐन वेळी लक्षात आलं, की हे बंधन आपल्या मापाचंच नाही! प्रेम खरं, शपथ खरी — माप मात्र चुकलंय. मग काय करायचं? पाळायचं? की मोडायचं?

काय म्हणता, मावशी? पाळायचं? आणि तिकडे खांबापाशी बसलेली तरणी मंडळी काय म्हणतायत? मोडायचं! बघा, एका प्रश्नात देवळाच्या दोन फळ्या झाल्या! आता त्या जोडायच्या कशा? त्यासाठीच तर ही कथा.

तुम्हाला वाटेल, बाई आता वनवासात नेणार. नाही! आजच्या आख्यानात रथ नाही, धनुष्य नाही, शाप देणारा ऋषी नाही. मग आहे काय? घड्याळ! मनगटावरचं. पण साधं नव्हे हं. वेळ सांगणं हे त्याचं सगळ्यात किरकोळ काम! तुम्ही किती चाललात ते सांगतं, किती वेगानं पळालात ते सांगतं, आणि मागच्या अंगाला एक हिरवा दिवा असतो, तो कातडीवर टेकला की — तुमच्या काळजाचे ठोके मोजतं! इकडे ठोका पडला, तिकडे आकडा हलला. आहे की नाही नवल? इतकी वर्षं संसार करून ज्याच्या काळजात काय चाललंय ते आपल्याला कळत नाही, ते या टिकलीएवढ्या दिव्याला कळतं!

तर ऐका.

पिंपळदरी नावाचं एक गाव. गावाच्या डोक्यावर जानाईचा घाट. वर, अगदी माथ्यावर, जानाईचं देऊळ. या घाटात दरवर्षी थंडीत एक दौड होते. गावातून निघायचं, धावत घाट चढायचा, देवीच्या दारात वळसा घ्यायचा, आणि धावत खाली यायचं. लांबलांबून माणसं येतात. पैसे भरून येतात! आमच्या आजीला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, 'अगं, घाट चढायचे पैसे मिळायला हवेत, द्यायला कशाला?' असो. काळ बदलला.

या गावात राहायची वैजयंती फडतरे. नाव बघा कसं — वैजयंती! देवाच्या गळ्यातली माळ! पण हिला माळ गळ्यात घालून बसायला वेळ कुठला? सकाळ-संध्याकाळ दूध संकलन केंद्रावर काम. दूध आलं, नमुना घेतला, मशीनला लावला, फॅट सांगितलं, चालली पुढची किटली. घरी अडीच वर्षांचं पोर. नवरा धैर्यशील, नोकरीला दूर, पंधरवड्याला एकदा घरी. लग्नाआधी ही पोर कॉलेजात धावायची. चांगली धावायची! मग लग्न, मग बाळंतपण, मग रात्रीची जागरणं... धावणं कुठं गेलं? कुठंच गेलं नव्हतं हो! पायांत बसून होतं. वाट बघत.

(अहो, त्या बाळाला घेऊन उठू नका, ताई. रडू दे. इथं बसलेलं प्रत्येक माणूस कधीतरी रडलंय. माझा आवाज त्याच्याहून मोठा आहे, काळजी नको!)

तर वर्षभर वैजयंती पहाटे उठायची. पोर झोपेत असेतो कालव्याच्या रस्त्यानं धावून यायची. हातात घड्याळ नाही, अंगात भारी कपडे नाहीत. एकच मनात — यंदा जानाईचा घाट चढायचा! का? बक्षीस मिळणार होतं? नाही. कुणाला दाखवायचं होतं? तसंही नाही. तिला बघायचं होतं, आपल्यातली ती जुनी वैजयंती अजून आहे की संपली. एवढंच! पण हे 'एवढंच' किती मोठं असतं, ते इथं बसलेल्या बायाबापड्यांना विचारा. बघा, माना हलल्या!

आता दुसरं माणूस. सासरे. सुभेदार आनंदराव फडतरे, सगळं गाव आप्पा म्हणतं. फौजेतून रिटायर झालेला गडी, मिशी अजून हजेरीला उभी! घाटाची दौड सुरू झाल्यापासून एकही वर्ष चुकवलं नव्हतं. पण गेल्या वर्षी, मंडळी, तिसऱ्या वळणावर छाती दाबून खाली बसले. दवाखाना झाला. स्टेंट बसली. डॉक्टर म्हणाले, 'सुभेदारसाहेब, धावणं बंद. चालायचं, तेही बेतानं.' मुलानं हे घड्याळ आणून दिलं. डॉक्टरांनी सांगितलेला आकडा त्यात भरला. ठोके त्या आकड्यावर गेले, की घड्याळ मनगटावर थरथरणार, टीं टीं वाजणार — 'थांबा, आप्पा!'

दौडीच्या आदल्या संध्याकाळी वैजयंती भाकऱ्या थापत होती. आप्पा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. हातात घड्याळ.

"हे घाल उद्या."

"आप्पा, अहो तुमचं आहे. मला सवय नाही त्याची."

"सवय लागती. हात धू आणि घाल. पोरी, त्या तिसऱ्या वळणावर काय होतं ते मी भोगलंय. छातीवर कुणी तरी धोंडा ठेवल्यागत होतं. तुझं पोर लहान आहे. हे घड्याळ वाजलं, की जिथं असशील तिथं सावकाश हो. वाजायचं थांबंस्तवर सावकाश होत जायचं, पळायचं नाही. घे माझी शपथ."

"आप्पा!"

"घे म्हणतो ना."

सासूबाई चुलीपाशी होत्या. त्या म्हणाल्या, "घे बाई शपथ. न्हायतर हे रातभर असेच दारात उभे राहतील. पहाऱ्यावर!"

घेतली शपथ. पिठाच्या हातानं घेतली! आणि आप्पांनी स्वतः तिच्या मनगटाला घड्याळ बांधलं. पट्टा दोन भोकं आवळावा लागला. बघा हं मंडळी, पट्टा आवळला! हात वेगळा आहे, हे पट्ट्याला कळलं. पण आत भरलेला आकडा? तो आवळायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. ना सासऱ्याच्या, ना सुनेच्या. प्रेमात माणूस पट्टा बघतो, आकडा बघत नाही!

उजाडलं. चौकात ही गर्दी! ढोल वाजतायत, रंगीबेरंगी शर्ट, छातीवर नंबर. वैजयंती रांगेत उभी राहिली. पोराचा पापा घेऊन आली होती, गालाला अजून दुधाचा वास. ढोलावर टिपरी पडली, काळीज उडालं — आणि टीं टीं! अजून एक पाऊल टाकलं नाही, आणि घड्याळ म्हणतं, थांबा! तिला हसू आलं. म्हणाली, ढोलाला घाबरलं वाटतं!

निघाली मंडळी. सपाट रस्ता, कालव्याचाच. तिच्या पायाखालचा. जरा धावली — टीं टीं! सावकाश झाली. गप्प. पुन्हा धावली — टीं टीं! शेजारून धावणारा एक पाहुणा म्हणाला, "ताई, फोन घ्या!" त्याला वाटलं फोन वाजतोय!

असं करत करत, पळत, चालत, सगळे पुढे गेले आणि ती मागे राहिली. घाटाच्या पायथ्याशी आली. आता चढ.

आता इथं तबलजींना जरा विचारते. काय हो बापू, तुम्ही ठेका धरलाय, आणि मी म्हटलं आता हाच ठेका तबला डोक्यावर घेऊन जिना चढत वाजवा — तर? वेग तोच राहील? हात तेवढेच, पण दम दुप्पट लागेल! घाटात असंच होतं. सपाटीवर ज्या वेगानं सहज धावता, त्याच वेगानं चढावर धावलात तर काळीज तोंडात येतं. म्हणून शहाणा धावणारा चढावर वेग धरत नाही, कष्ट धरतो. कष्ट तेवढेच ठेवायचे, आणि वेगाला म्हणायचं, 'तुला किती कमी व्हायचं तेवढं हो बाबा!' पाऊल आखूड. ठेका तोच. त्यासाठी तर ते काळजाचे ठोके मोजायचे! घड्याळाचा उपयोग खरा तिथं.

पण वैजयंतीचं घड्याळ काय करत होतं? चढावर पाऊल टाकलं — टीं टीं. धावायची थांबून चालायला लागली — टीं टीं! आणखी सावकाश चालली. तरी वाजतंय! गप्प कधी होतं? एका जागी उभं राहिल्यावर! म्हणजे शपथ पाळायची, तर घाटात उभं राहायचं. झाड होऊन!

आणि मागून काय आलं? घुर्र... घुर्र... एक गाडी. दौडीत सगळ्यांच्या मागून एक गाडी येत असते बरं का. जो थकला, जो मागे पडला, त्याला उचलून घ्यायचं. आणि वर देवळापाशी एक दोरी धरलेली असते. ठरल्या वेळेला ती दोरी ताणतात. त्याच्या आत पोचलात तर तुमची दौड पुढं चालू. नाही पोचलात — बसा गाडीत!

गाडी शेजारी आली. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली.

"ताई, बसता का?"

"नाही."

"घड्याळ तर कवाधरनं वरडायलंय तुमचं. बसा की. मागं कांदेपोहे हायत. गरम."

मंडळी, मोह आला! पुराणात मोह येतो तो अप्सरेचं रूप घेऊन. पिंपळदरीत आला तो कांदेपोह्यांच्या रूपानं! आणि पहाटेपासून पोटात केळ्याशिवाय काही नाही. गरम पोह्यांचा वास येतोय... कोण म्हणतं कलियुगात परीक्षा होत नाहीत?

"लिंबू आहे?" तिनं विचारलं.

"हाय की!"

"मग तुम्हीच खा. मी चालते."

गाडीवाला हसला. "तुमची मर्जी. मी हाय मागं. पर दोरीला वेळ थोडा ऱ्हायलाय बघा."

वैजयंती उभी. घड्याळ गप्प. मागं गाडी, पुढं घाट. डोळ्यांत पाणी यायला लागलं. वर्षभराच्या पहाटा! आणि ही शपथ! आप्पांवर राग यावा, तर येत नाही. त्यांनी पिठाच्या हाताला घड्याळ बांधलं होतं हो, दवाखान्यातली सगळी भीती त्या पट्ट्यात आवळून बांधली होती. त्यांची शपथ कशी मोडायची?

पण गंमत बघा. रडू यायच्या जागी तिला एक प्रश्न आला. माणसाला रडण्याच्या वेळी प्रश्न पडला, की समजावं देव जवळपास आहे! तिच्या मनात आलं, 'मला धाप तर लागलेली नाही. छातीत काही नाही. मी त्या गाडीवाल्याशी नीट बोलले. मग हे ओरडतंय का?' तिनं पहिल्यांदाच आकडा नीट निरखून बघितला. मग थोडी चालली. आकडा वर गेला, घड्याळ वाजलं. थांबली. खाली आला, गप्प. पुन्हा चालली. तेच! म्हणजे आकडा बरोबर हलतोय. ठोके खरे आहेत. मशीन बिघडलेलं नाही...

आणि मशीन म्हटल्यावर तिला आठवलं केंद्रावरचं दुधाचं मशीन! त्याला बटणं असतात. एक गाईचं, एक म्हशीचं. आलेलं दूध ज्याचं, ते बटण आधी लावायचं. घाईत विसरलं आणि म्हशीचं दूध गाईच्या बटणावर मोजलं, की आकडा भलताच येतो. मग तो दूधवाला तावातावानं येतो — 'माझी म्हस काय पाणी पिऊन झोपली का?' दूध चांगलं असतं. मशीनही चांगलं असतं. म्हैसही बिचारी चांगलीच असते! बटण तेवढं दुसऱ्याचं लागलेलं असतं!

वैजयंती घाटात मोठ्यानं हसली. "अगं बाई! हे आप्पांच्या बटणावर आहे!"

गाडीवाला म्हणाला, "काय झालं, ताई?"

"काही नाही! म्हस गाईच्या बटणावर लागलीय!"

तो बिचारा काय समजणार? त्यानं पोह्याचा घास तोंडात घातला आणि मान हलवली. ऊन लागलं असेल म्हणाला!

पण मंडळी, खरी गोष्ट इथून पुढं. आकडा आप्पांचा आहे हे तर कळलं. मग आपला कुठला? सांगायला कुणी नाही, ना डॉक्टर, ना नवरा. तेव्हा तिनं काय केलं? पोराला झोपवताना म्हणायची ना, तिनंच जुळवलेली चार ओळींची अंगाई, ती म्हणायला सुरुवात केली. धावता धावता! हळू. आखूड पावलांनी.

बघा हं, कसं केलं. एक ओळ एका श्वासात पुरी होतेय? होतेय. आकडा बघितला. जरा जोर लावला. ओळ पुरी होतेय? होतेय, पण शेवटचा शब्द बारीक झाला. आकडा बघितला. आणखी जोर — ओळ मधेच तुटली! बस्स. इथं नाही. पाऊल आणखी आखूड केलं, वेग सोडला, ओळ पुन्हा जुळली. हा माझा आकडा! इथवर माझं काळीज मला साथ देतं, याच्यापुढं ते ओढलं जातं. कुणी शिकवलं? पोराच्या अंगाईनं!

घड्याळ टीं टीं टीं टीं करतच होतं. तिला आता ते ऐकू येत होतं, पण ती बघत होती फक्त आकडा. वळण आलं, चढ उभा झाला, तिनं वेग सोडला. चढ जरा मोडला, तिनं वेग धरला. कष्ट सारखे. अंगाई सारखी. एक एक माणूस मागे पडायला लागला. कोण? जे पायथ्याशी जोरात पळत गेले होते ते! कुणी कमरेवर हात ठेवून उभं, कुणी कठड्यावर बसलेलं. एकानं विचारलं, "ताई, गाणं कसलं म्हणताय?" ही म्हणाली, "झोपायचं!"

आणि आलं तिसरं वळण.

तिथं कोण उभं? आप्पा! धावता येत नाही म्हणून काय झालं? पाण्याच्या टेबलापाशी सेवेला उभे होते. शेजारी शकूमावशी, संत्र्याच्या फोडी आणि मीठ घेऊन. आप्पांनी सून येताना बघितली. धावत येतेय! आणि घड्याळ... टीं टीं टीं टीं!

मिशी थरथरली. आप्पा रस्त्याच्या मधोमध आले. हात आडवा!

"थांब! वाजतंय ते!"

"आप्पा, ऐका..."

"शपथ घेतली होतीस! माझ्या डोळ्यांदेखत मोडतेस?"

काय उत्तर द्यायचं, मंडळी? मागं गाडीचा घुर्र आवाज. वर दोरी. आणि समोर बापासारखा सासरा आडवा हात करून. तिनं धाव थांबवली नाही, जागच्या जागी पाय हलवत राहिली, आणि म्हणाली,

"आप्पा, तुम्ही शपथ कशाला घातली? घड्याळ वाजू नये म्हणून? का मला काही होऊ नये म्हणून?"

आप्पांचा हात अजून आडवाच.

"मला काही झालेलं नाही. यातला आकडा तुमचा आहे. तुमच्या काळजाचा. माझं काळीज तुमच्या निम्म्या वयाचं आहे, आप्पा."

"कशावरनं? वरनं दिसतं का काळीज?"

आणि मग आप्पांना त्यांची पलटण आठवली. म्हणाले, "आमचा कवायतीचा उस्ताद चढावर पळताना गाणं म्हणायला लावायचा. ज्याचं गाणं तुटलं त्याला बाजूला काढायचा. तू बोल बरं काही तरी लांबलचक! एका दमात!"

"काय बोलू?"

शकूमावशी कशाला गप्प बसते? फोड मिठात बुडवत म्हणाली, "त्यात काय इचारायचं? नाव घ्यायला लावा! एका दमात उखाणा! कळंल श्वास हाय का न्हाय!"

भर घाटात उखाणा! सासरा समोर, टीं टीं वाजतंय, पाय नाचतायत! आणि आमची वैजयंती काय म्हणाली? एका दमात, खणखणीत —

"घाटाला वळणं फार, वळणावळणाला वारा,
धैर्यशीलरावांचं नाव घेते, आप्पा, आता बाजूला सरा!"

(वाजवा टाळ्या! अशी सून घरोघरी हवी. आणि असा सासराही, कारण पुढचं ऐका.)

आप्पा हसले. डोळे भरून हसले. पण बाजूला सरायच्या आधी म्हणाले, "आण तो हात." तिला वाटलं, घड्याळ काढून घेतात. नाही! आप्पांनी तिचं मनगट धरलं, आणि चष्मा न लावता, खाली न बघता, बोटांनी चाचपून — इथलं बटण दाबलं, तिथलं दोनदा दाबलं — आणि टीं टीं बंद!

"ठोके दिसतील. वाजणार न्हाय. जा पोरी!"

पळाली! पण पळता पळता वैजयंतीच्या मनात काय आलं असेल? तुमच्या आलं का? कुणाच्याच नाही? अहो, आप्पांना मोबाइलवर साधा फोटो उघडता येत नाही. त्यांना ते वाजणं बंद करायला इतकं पटकन, न बघता, जमलं कसं?

थांबा. आधी दोरी!

शेवटचा चढ सगळ्यात उभा. वर देवळाची घंटा दिसतेय. दोरीची दोन टोकं धरून दोघं उभे. लोक ओरडतायत, "चला, चला ताई!" मन म्हणतं, झोकून दे. आकडा म्हणतो, थोडाच दम बाकी आहे, जपून. तिनं मनाचं ऐकलं नाही. अंगाईची ओळ धरली. शेवटच्या वळणावर मात्र, देवी दिसल्यावर, ओळ सोडून दिली आणि सुटली! दोरी वर उचलली जात होती. ती खाली वाकली, दोरी पाठीला घासून गेली — आणि पलीकडे! जानाईच्या पायरीला हात लावला. मागं दोरी ताणली. गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला, कठड्यावर बसलेल्यांना घेऊन आलेल्या गाडीचा!

आता उतार. उतारावर तर वेग आपोआप येतो, ठोके कमी, घड्याळ खूश. सगळे भन्नाट सुटतात, आणि गुडघे बोंबलतात. पण तिला घाई नव्हती. तिसऱ्या वळणावर नजर टाकली, आप्पा नव्हते. जीपनं खाली गेले म्हणे. ती उतरत राहिली. घाट चढल्याचा आनंद तर होताच हो! जुनी वैजयंती भेटली होती. पण मनात ती बोटं. न बघता बटण दाबणारी.

चौकात पोचली. गळ्यात मेडल पडलं. सासूबाई पोराला घेऊन आलेल्या. पोरानं मेडल तोंडात घातलं. आप्पा जरा बाजूला, कट्ट्यावर बसलेले. ती त्यांच्या शेजारी जाऊन बसली. घड्याळ काढलं. त्यांच्या मनगटाला बांधायला लागली, पट्टा दोन भोकं सैल करून. हळूच म्हणाली,

"आप्पा. रोज बंद करता?"

आप्पा चौकाकडे बघत राहिले. ढोलवाले ढोल उतरवत होते. म्हातारा गडी म्हणाला,

"रोज न्हाय. चढ आला की."

मंडळी...

(तबला नको, बापू. राहू दे जरा.)

चढ आला की! सपाटीवर माणूस सगळी बंधनं पाळतो. सपाटीवर घड्याळ वाजतच नाही, तर पाळायला काय जातं? चढ आला, जीव तोडून वर जायची हाव सुटली, आणि ते 'थांबा' म्हणालं, की — बटण! सुनेला शपथ घालणारा, स्वतःचं बटण न बघता दाबणारा! हा काही वाईट माणूस नाही हो. घाबरलेला माणूस आहे. एकेकाळी घाट पळत चढणाऱ्याला कुणी तरी रोज मनगटावर टोचून सांगतंय, आता तू तो राहिला नाहीस. कुणाला ऐकवेल?

वैजयंती रागावली नाही. सासूबाईंना सांगितलं नाही. तिनं काय केलं? घड्याळ पुन्हा वाजतं केलं. आप्पांकडून शिकून घेतलं बटण, त्यांच्याच बोटांनी! आणि म्हणाली, "उद्या सकाळी मी येते तुमच्याबरोबर फिरायला. पोराला पण घेऊ."

"तू?" आप्पा म्हणाले. "मी सावकाश चालतो. तुझं काय व्हायचं?"

"आज मी माझ्या आकड्यावर गेले. उद्या तुमच्या आकड्यावर चालू. वाजलं की बसू कठड्यावर. पोराला दगड वेचायचेच असतात."

आणि दुसऱ्या दिवशी गावानं बघितलं. घाटाच्या पायथ्याशी, पहिल्याच चढावर, कठड्यावर बसलेले तिघं. घड्याळ टीं टीं म्हणत होतं. आप्पा बटणाकडे बघत होते, पण हात पोराच्या हातात होता. पोर दगड दाखवत होतं. मग घड्याळ गप्प झालं. मग तिघं उठले. चार पावलं वर गेले.

आता सांगा मंडळी, पाळायचं की मोडायचं? मावशी, तुम्ही बरोबर होतात. खांबापाशी बसलेली पोरं, तुम्हीही बरोबर होतात! एकच आकडा. सुनेच्या मनगटावर तो बेडी होता, सासऱ्याच्या मनगटावर तोच कवच. आकड्याला नाव ठेवायचं का? विचारायचं एवढंच, की हे काळीज कुणाचं?

आपण काय करतो? मुलाला आपल्या बटणावर लावतो — 'तुझ्या वयाचा असताना मी!' सुनेला सासूच्या बटणावर लावतो. म्हाताऱ्याला म्हणतो, 'काही होत नाही हो तुम्हाला, चला.' आणि स्वतःचं? स्वतःचं घड्याळ वाजलं, रात्री छातीत, कधी मनात, की हळूच बटण दाबतो. चष्मा न लावता! कुणाकुणाला ते बटण तोंडपाठ आहे, सांगा बरं? नका सांगू. माना खाली गेल्या, मला कळलं. माझीही गेली.

तर आज टाळी वाजवायच्या आधी एक काम करायचं. सगळ्यांनी! पेटीवाल्यांनीसुद्धा. आपल्या मनगटावर दोन बोटं ठेवा. अंगठ्याखाली, जरा आत. सापडली नाडी? शोधा, आहे ती, नसती तर कीर्तनाला आला नसतात! सापडली? आता शेजारी बसलेल्याचं मनगट धरा. हो, धरा! आजोबा, आजींचं धरा, लाजता काय, लग्नात धरला होतात की हात! बघा. दोन्ही सारख्या चालतायत? नाही ना? त्याची वेगळी, तुमची वेगळी. पण दोन्ही चालतायत. दोन्ही त्याच्याच नावानं चालतायत, ज्यानं त्या सुरू केल्या.

धरून ठेवा क्षणभर. शेजाऱ्याची मोजा, आपली ऐका.

आता सोडा हात. आणि त्याच हातांनी, ज्याला झेपेल त्या लयीत, कुणी जोरात, कुणी हळू — वाजवा टाळी, घ्या त्याचं नाव!